आठवीतला तो रकाना : हायस्कूलचे गणित कसे निवडावे?



जानेवारी-फेब्रुवारी आला की इथल्या मिडल स्कूलमधून एक कागद घरी येतो. (हल्ली तो पोर्टलवर येतो, पण सही आई-बापांचीच लागते.) पुढच्या वर्षाचे विषय निवडा, एवढेच त्यात म्हटलेले असते. इंग्रजी, सायन्स, पी.ई., बँड की आर्ट, हे सगळे पाच मिनिटांत भरून होते. गाडी अडते ती गणिताच्या रकान्यापाशी. मग फोनाफोनी सुरू होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत जमलेल्या बायका आणि बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभे असलेले पुरुष, दोन्हीकडे एकच विषय : "तुमची कुठल्या मॅथला?"

आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलेले, इंजिनियरिंग करून आय.टी.त आलेले. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. दहावीपर्यंत सगळ्यांना तेच बीजगणित आणि तीच भूमिती. इथे मात्र एकाच वयाची, एकाच बाकावरची दोन मुले गणितात दोन-दोन वर्षांच्या अंतरावर असू शकतात, आणि हे अंतर ठरते बारा-तेराव्या वर्षी. आमची कन्या यंदा आठवीत आहे. त्यामुळे गेले काही महिने आम्ही डिस्ट्रिक्टचे नियम, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (म्हणजे आपल्या 'यूसी'च्या) प्रवेशाच्या अटी वाचल्या, काऊन्सेलरशी बोललो, मोठी मुले असलेल्या मित्रमंडळींना छळले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून नियम मुख्यतः इथले. बाकीच्या राज्यांबद्दल शेवटी थोडे लिहिले आहे.

शिडी कशी आहे?

पारंपरिक क्रम असा : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅलक्युलस आणि मग कॅलक्युलस. एकेक पायरी एकेका वर्षाची. आपल्याकडे आठवी ते दहावी बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी चालतात, आठवड्यात दोन्हींचे तास. इथे एक अख्खे वर्ष फक्त बीजगणित, दुसरे अख्खे वर्ष फक्त भूमिती. हा फरक लहान वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. जॉमेट्रीच्या वर्षात मुलांचा अल्जिब्राचा हात सुटतो, आणि त्यानंतर येणारा अल्जिब्रा २ पहिल्याच महिन्यात जड जातो. हे माहीत असेल तर जॉमेट्रीच्या वर्षात घरी आठवड्याला दहा-पंधरा समीकरणे सोडवून घेणे कठीण नाही.

अल्जिब्रा १ मध्ये रेषीय समीकरणे, आलेख, घातांक, अवयव पाडणे आणि वर्गसमीकरणे येतात. ढोबळपणे आपले आठवी-नववीचे बीजगणित आणि दहावीचे थोडे. जॉमेट्रीत एकरूपता, समरूपता, वर्तुळ, घनफळ आणि थोडी त्रिकोणमिती. आपण 'पक्ष, साध्य, सिद्धता' असे लिहायचो, त्याची इथली बहीण म्हणजे दोन रकान्यांची सिद्धता : डावीकडे विधान, उजवीकडे कारण. अल्जिब्रा २ मध्ये बहुपदी, लॉगरिदम, काल्पनिक संख्या, श्रेढी. आमच्या मते सगळ्या शिडीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी कौतुक होणारी. प्रीकॅलक्युलस म्हणजे बरीचशी त्रिकोणमिती आणि फलनांचा सराव. आपल्या अकरावी सायन्सशी त्याचे नाते आहे. कॅलक्युलस म्हणजे बारावीचे अवकलन आणि संकलन.

काही डिस्ट्रिक्टमध्ये हीच शिडी 'इंटिग्रेटेड मॅथ १, २, ३' अशी असते. त्यात बीजगणित, भूमिती आणि सांख्यिकी तिन्ही वर्षांत वाटून दिलेले असतात, म्हणजे थोडेसे आपल्यासारखेच. यूसीला दोन्ही पद्धती चालतात. भीती एवढीच की मधल्या वर्षी गाव बदलले आणि नव्या डिस्ट्रिक्टमध्ये दुसरी पद्धत असली तर काही धडे दोनदा येतात आणि काही अजिबात येत नाहीत.

आता हिशेब सोपा आहे. आठवीत अल्जिब्रा १ झाला तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅलक्युलस आणि बारावीत कॅलक्युलस. सातवीतच अल्जिब्रा १ झाला तर कॅलक्युलस अकरावीत येतो आणि बारावीत काय घ्यायचे हा प्रश्न उरतो. नववीत अल्जिब्रा १ घेतला तर शिडी बारावीत प्रीकॅलक्युलसपाशी थांबते. मधे कुठेतरी एक पायरी गाळली किंवा दोन पायऱ्या एका वर्षात घेतल्या तरच कॅलक्युलस गाठता येतो.

या आठवीच्या अल्जिब्रावरून आमच्या शेजारच्या शहरात केवढे रामायण झाले! सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्टने २०१४ साली सर्व मुलांना अल्जिब्रा १ नववीतच द्यायचे ठरवले. हेतू चांगला होता : लहान वयात मुलांची 'हुशार' आणि 'बाकीचे' अशी विभागणी होऊ नये. पण ज्यांना परवडत होते त्यांनी बाहेरून कोर्स करून घेतले, आणि ज्यांना परवडत नव्हते ती मुले मागे राहिली, अशी ओरड सुरू झाली. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डाने आठवीतला अल्जिब्रा परत आणायचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात हा प्रश्न मतपत्रिकेवर आला, फक्त सल्ला म्हणून, आणि ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी अल्जिब्राच्या बाजूने कौल दिला. गणिताच्या एका कोर्सवर शहरभर मतदान! आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर होत नाही एवढे.

किमान किती हवे आणि खरोखर किती हवे?

कॅलिफोर्निया राज्याची हायस्कूल पास होण्याची अट गणितापुरती दोन वर्षांची आहे, त्यात अल्जिब्रा १ हवा. बऱ्याच डिस्ट्रिक्ट याहून जास्त मागतात. यूसी आणि कॅल स्टेटला तीन वर्षे लागतात : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २ किंवा त्याच्या तोडीचे इंटिग्रेटेड, तेही किमान सी ग्रेडने. चौथे वर्ष घ्यावे अशी त्यांची शिफारस आहे. शिफारस हा शब्द इथे आपल्या अर्थाने घ्यायचा नाही. सायन्स-इंजिनियरिंगला जाणाऱ्याने ती अटच समजावी. मात्र यूसीच्या किमान अटींमध्ये कॅलक्युलस कुठेही नाही, हे आम्हाला वाचून नवल वाटले. आपल्या गप्पांत तर कॅलक्युलस नसेल तर मूल वाया गेले असा सूर असतो.

कॅलक्युलस स्पष्टपणे मागणारी एक मोठी संस्था म्हणजे कॅलटेक. तिनेही २०२३ मध्ये नियम सैल केला, कारण अनेक हायस्कूलमध्ये हा कोर्सच नसतो. अशा मुलांनी खान अकॅडमीवर अभ्यास करून त्याची परीक्षा देऊन प्रावीण्य दाखवले तरी चालेल, असे तिने जाहीर केले. बहुतेक कॉलेजे तुमच्या शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्या तुलनेत तुम्ही काय घेतले ते बघतात. शाळेत बी.सी. कॅलक्युलस आहे आणि इंजिनियर व्हायचे म्हणणाऱ्या मुलाने तो टाळला, तर प्रश्न येतो. शाळेत नाहीच, तर येत नाही.

गणित शिकवणाऱ्यांच्या दोन मोठ्या अमेरिकन संघटना आहेत, एक कॉलेजच्या प्राध्यापकांची आणि एक शाळेतल्या शिक्षकांची. त्यांनी २०१२ साली एक संयुक्त निवेदन काढले. बारावीपर्यंत कॅलक्युलस गाठणे हे शालेय गणिताचे अंतिम ध्येय असू नये, पाया पक्का करणे हे असावे, असा त्याचा आशय होता. हायस्कूलमध्ये घाईने कॅलक्युलस केलेली मुले कॉलेजात पुन्हा पहिल्या कॅलक्युलसलाच बसतात, किंवा त्याच्याही आधीच्या कोर्सला जातात, ही त्यांची तक्रार. कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या एका मित्राचेही हेच म्हणणे. तो म्हणतो, मुलांचे कॅलक्युलस चुकत नाही, त्यातला अल्जिब्रा चुकतो. तीन अधिक चारचा वर्ग त्यांना ४९ माहीत असतो, पण अक्षरे आली की प्रत्येकाचा वेगळा वर्ग करून बेरीज मारतात, आणि ती पंचवीसच्या हिशेबाची चूक पुढे पाच पानांत पसरते.

ए.बी. की बी.सी.?

ए.पी. कॅलक्युलस दोन प्रकारचा. ए.बी. हा कॉलेजच्या साधारण एका सेमिस्टरएवढा, बी.सी. दोन सेमिस्टरएवढा. बी.सी.मध्ये ए.बी.चे सगळे असतेच, शिवाय अनंत श्रेणी, टेलर श्रेणी, पोलर आणि पॅरामेट्रिक वक्र, संकलनाच्या जास्त पद्धती. परीक्षा दर वर्षी मे महिन्यात, गुण १ ते ५. बी.सी. दिली तर ए.बी.च्या भागाचे वेगळे गुणही कळतात, त्यामुळे जोखीम वाटते तेवढी नाही.

पहिल्या वर्षी ए.बी. आणि दुसऱ्या वर्षी बी.सी. असा क्रम काही शाळा सुचवतात. ज्याला प्रीकॅलक्युलस सहज गेला आहे त्याला यात बरेच काही परत परत करावे लागते. ज्याला प्रीकॅलक्युलसमध्ये धाप लागली, त्याला ए.बी.च बरा. कॉलेजात क्रेडिट मिळते की नाही ते ज्या त्या कॉलेजावर आहे : एम.आय.टी. बी.सी.मध्ये ५ गुण असतील तर पहिल्या कॅलक्युलसचे क्रेडिट देते, कॅलटेक ए.पी.चे क्रेडिटच देत नाही.

२०२३-२४ पासून ए.पी. प्रीकॅलक्युलस नावाचा नवा कोर्सही आला आहे. ज्यांची शिडी बारावीत प्रीकॅलक्युलसपाशी थांबते अशा मुलांना तो चांगला. ज्यांना पुढे कॅलक्युलस घ्यायचाच आहे त्यांनी केवळ 'ए.पी.' या दोन अक्षरांसाठी जिवाचे रान करू नये, असे आमचे मत.

आता स्टॅटिस्टिक्सबद्दल. आपल्या लोकांत या विषयाला उगाच दुय्यम समजतात. ए.पी. स्टॅटिस्टिक्सला कॅलक्युलस लागत नाही, अल्जिब्रा २ पुरतो. डॉक्टरकी, बायॉलॉजी, मानसशास्त्र, बिझनेस यांकडे कल असेल तर तो रोज उपयोगी पडेल. आम्ही दोघे ऑफिसात गेली कित्येक वर्षे सरासरी, वितरण आणि नमुने यांच्याशी झटापट करतो. संकलन शेवटचे कधी केले ते आठवत नाही. तरी इंजिनियरिंगला जायचे असेल तर कॅलक्युलसच्या बदल्यात स्टॅटिस्टिक्स नको, जोडीला घ्या.

डेटा सायन्सचे मात्र नीट ऐका. काही हायस्कूलमध्ये अल्जिब्रा २ च्या ऐवजी डेटा सायन्स घ्या असे सांगितले जाई, कारण २०२० नंतर यूसीने त्याला वाट मोकळी केली होती. ती वाट जुलै २०२३ मध्ये यूसीच्या प्राध्यापकांच्या समितीने बंद केली. हे कोर्स आता अल्जिब्रा २ ची जागा घेऊ शकत नाहीत. आमच्यासारख्या आय.टी.वाल्यांना डेटा सायन्स हे नाव ऐकून भुरळ पडते, पण ऑफिसातले ते आणि दहावीतले हे यांत नावापुरतेच साम्य आहे.

उन्हाळ्यात जॉमेट्री उरकावी का?

आमच्या घरातला खरा प्रश्न हा होता. कन्येचा अल्जिब्रा १ यंदा आठवीत चालू आहे. तिच्या वर्गातल्या चार-पाच मैत्रिणी येत्या उन्हाळ्यात जॉमेट्री उरकून नववीत थेट अल्जिब्रा २ ला बसणार आहेत. म्हणजे अकरावीत बी.सी. कॅलक्युलस. तिलाही त्यांच्याबरोबर जायचे होते, आणि आमच्यातल्या एकाला (कोण ते सांगत नाही!) ते मनापासून पटले होते.

त्या बाजूचा मुद्दा खरा आहे, तो आधी सांगतो. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच, साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत जातात. अकरावीत बी.सी. झाला असेल तर त्याचा ग्रेड आणि ए.पी.चे गुण दोन्ही अर्जावर दिसतात. बारावीत घेतला तर अर्जावर नुसते 'चालू आहे' असे दिसते. शिवाय यूसी आता एस.ए.टी. बघतच नाही, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्टचे वजन वाढले आहे. यूसीचा जी.पी.ए. दहावी-अकरावीच्या ग्रेडवर काढतात आणि त्यात ए.पी.च्या ए ला ४ ऐवजी ५ धरतात, तेही जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरते.

आता दुसरी बाजू. शाळेचे वर्ष १८० दिवसांचे. उन्हाळी कोर्स सहा आठवड्यांचा असला तर तो ३० दिवसांचा. म्हणजे तिथला एक दिवस शाळेच्या सहा दिवसांएवढा. दोन दिवस ताप आला की अडीच आठवड्यांची दांडी! भारतवारी तर विसराच. आणि सिद्धता ही अशी गोष्ट आहे की ती आज कळली नाही तर चार दिवसांनी कळते, मधले चार दिवस डोक्यात घोळू द्यावी लागते. उन्हाळ्यात ते चार दिवसच नसतात.

यूसीचा आणखी एक नियम इथे आडवा येतो. वरच्या कोर्सात चांगला ग्रेड मिळाला की खालचा न केलेला कोर्स भरून निघतो, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. अल्जिब्राच्या बाबतीत ते खरे आहे. जॉमेट्रीच्या बाबतीत नाही, जॉमेट्री कुठेतरी प्रत्यक्ष केलेली असावीच लागते. म्हणून बाहेरून किंवा ऑनलाईन करणार असाल तर तो कोर्स यूसीच्या मान्य यादीत आहे का ते आधी बघा; ही यादी यूसीच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. आणि आपले डिस्ट्रिक्ट तो कोर्स पुढच्या वर्गासाठी धरेल का, हे पैसे भरण्यापूर्वी ई-मेलने लेखी घ्या. ओळखीतल्या एका कुटुंबात मुलाने अख्खा उन्हाळा ऑनलाईन कोर्स केला, आणि ऑगस्टमध्ये शाळेने पुन्हा जॉमेट्रीच्याच वर्गात बसवले. तोंडी होकार देणाऱ्या बाई तोवर दुसऱ्या शाळेत गेल्या होत्या.

आणि सी ग्रेडचे गणित. घाईने पुढे गेलेल्या मुलाला अल्जिब्रा २ मध्ये सी पडला, तर तो कोर्स पुन्हा करून यूसीच्या हिशेबात ग्रेड सुधारता येत नाही. ती सोय फक्त डी आणि एफसाठी आहे. सी कायमचा. मिडल स्कूलमध्ये केलेल्या अल्जिब्रा १ चे तसे नाही; त्याचे वर्ष यूसी मोजते, ग्रेड जी.पी.ए.त धरत नाही. म्हणजे चाचपडायला जागा आहे ती मिडल स्कूलमध्ये, दहावीत नाही.

मग तयारी ओळखायची कशी? आम्ही ग्रेडवर विसंबलो नाही. इथे गृहपाठ वेळेवर दिल्याचेही गुण असतात, त्यामुळे ए म्हणजे विषय आलाच असे नव्हे. शिक्षकांकडे एम.डी.टी.पी. नावाची निदान-चाचणी मागा. ती यूसी आणि कॅल स्टेटने मिळून चालवलेल्या प्रकल्पाची आहे आणि कुठला धडा कच्चा आहे ते धड्यागणिक सांगते. घरी करून बघायला हे एक उदाहरण घ्या :

क्ष/३ − (क्ष − २)/४ = १

उत्तर ६. ज्या मुलाचे १८ येते, त्याने कंसाबाहेरचे वजा चिन्ह फक्त क्षला लावले आणि २ ला विसरला. एकदा चुकले तर विशेष नाही. पण अशा पाच उदाहरणांत तीनदा तीच चूक होत असेल तर त्या मुलाला पुढच्या वर्गाची घाई नको, अपूर्णांक आणि चिन्हे यांचा सराव हवा. शिकवताना मात्र आपल्या पद्धतीचा आग्रह जपून धरा. "बाबा, आमच्या टीचर असे करत नाहीत" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येते, आणि वर्गातल्या टीचरच ग्रेड देणार असतात.

कन्येने पाचपैकी चार बरोबर सोडवली, म्हणजे तयारी होती. तरीही आम्ही तिला दोन प्रश्न विचारले : मैत्रिणी नसत्या तर हे केले असतेस का? आणि उन्हाळ्यातला सिंथेसायझरचा क्लास व आजी-आजोबांची भेट सोडशील का? पहिल्याला तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. दुसऱ्याला लगेच दिले. तिने नववीला ऑनर्स जॉमेट्री भरली आहे. दहावीत झेपले तर अल्जिब्रा २ आणि प्रीकॅलक्युलस एकत्र असलेला वेगवान कोर्स आमच्या हायस्कूलमध्ये आहे, तो दरवाजा उघडा आहे. तिच्या मैत्रिणींपैकी एकजण स्पर्धा-परीक्षांची गणिते झोपेतसुद्धा सोडवते. तिच्यासाठी उन्हाळी जॉमेट्री अगदी योग्य आहे आणि तिला अडवणे अन्याय होईल. बाकीच्यांचे त्यांच्या घरी ठरेल.

ज्यांची मुले फार पुढे आहेत

अकरावीत बी.सी. संपला तर बारावीत कम्युनिटी कॉलेजचा मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस किंवा लिनियर अल्जिब्रा घेता येतो. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांना तिथे ट्यूशन बहुधा माफ असते, पुस्तकाचा खर्च पडतो. तिथला एका सेमिस्टरचा कोर्स यूसी हायस्कूलच्या एका वर्षाएवढा धरते. फक्त लक्षात असू द्या, तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायम राहतो आणि पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करतानासुद्धा दाखवावा लागतो.

वर्गात पुढे ढकलण्याऐवजी त्याच इयत्तेत खोल जाण्याचा मार्गही आहे. ए.एम.सी. ८, १० आणि १२ या स्पर्धांचे जुने पेपर सहज मिळतात. ए.एम.सी. १० मध्ये ७५ मिनिटांत २५ प्रश्न, आणि कॅलक्युलसचा एकही नाही. तरी भलेभले इंजिनियर (आम्ही धरून) शेवटच्या पाचांपाशी डोके खाजवतात. गणिताची खरी आवड आहे की नुसती पुढे जायची हौस, हे असा एक पेपर घरी सोडवायला दिला की दोन तासांत कळते.

इतर राज्ये, आणि भारतातून येणारी मुले

टेक्सासमध्ये २०२३ च्या कायद्याने उलटा मार्ग धरला आहे : पाचवीच्या राज्य-परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत प्रगत गणितात आपोआप घालतात, नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. कॅलिफोर्नियात नववीच्या वर्गवारीबाबत २०१५ चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे वस्तुनिष्ठ निकषांचे लेखी धोरण हवे, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात मूल योग्य वर्गात आहे ना याची तपासणी हवी, आणि पालकांना दाद मागायची सोय हवी. मुलाला चुकीच्या वर्गात बसवले आहे असे वाटले तर काऊन्सेलरशी हुज्जत घालण्याआधी हे धोरण मागून घ्या. धोरणातल्या कलमाचा उल्लेख असलेली चार ओळींची ई-मेल अर्ध्या तासाच्या वादापेक्षा लवकर काम करते.

भारतातून नववी-दहावीच्या वयात येणाऱ्या मुलांचे हाल वेगळे. महाराष्ट्र बोर्डातून नववी करून आलेल्या मुलाचे बीजगणितही झालेले असते आणि भूमितीही, पण इथल्या कुठल्याच एका कोर्सशी ते पूर्ण जुळत नाही. गुणपत्रिकेवर नुसते 'गणित' असते, म्हणून इथली शाळा सावधपणे अल्जिब्रा १ मध्ये बसवते आणि मूल वर्षभर कंटाळते. येताना आठवी-नववीच्या गणिताची पाठ्यपुस्तके बरोबर आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती इंग्रजी माध्यमातही मिळतात. अनुक्रमणिकेची पाने छापून काऊन्सेलरला द्या आणि चाचणी घ्यायला सांगा. पहिल्या आठवड्यातच करा. एकदा वेळापत्रक बसले की वर्ग बदलणे कठीण, आणि इथे काऊन्सेलरच्या वाट्याला मुले इतकी असतात की जो आधी विचारतो त्याचे काम आधी होते.